भिवा तांडेलाचे कान

संपादकांचा निरोप आला तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की कानाच्या डॉक्टरच्या आठवणी छापून तुमच्या अंकाचं काही भलं होणार नाही. आमच्या धंद्यात नाट्य नाही. रुग्ण जिवंत येतो, जिवंत जातो, आणि जाताना बहुतेक वेळा नुसता मळ काढून जातो. तरी त्यांनी हट्ट सोडला नाही. दिवाळीचे दिवस आहेत, काहीतरी हसतंखेळतं द्या, असंही म्हणाले. तेवढं मला जमलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मालवणात मी दवाखाना थाटला तो पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, आम्ही रत्नागिरीत मोडत होतो. मुंबईला शिकून आलो होतो, अंगात मस्ती होती, आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने मिळाल्या होत्या. पाटीवर मोठ्या हौसेने 'कान, नाक व घसा' असं रंगवून घेतलं. लोक पाटीखाली उभे राहून वाचायचे आणि आत डोकावून विचारायचे, "डॉक्टरानू, बाकीचो माणूस खंय दाखवूचो?" पहिली काही वर्षं ताप, जुलाब, विंचू सगळं बघितलं, त्याशिवाय घर चाललं नसतं.

कानाच्या नावाने जे यायचं त्यात निम्मे घरच्या उपायांचे बळी. खोबरेल तेल, लसणीचा रस, कुठल्या कुठल्या पाल्याचा रस, कानात घातलं नाही असं काही शिल्लक नव्हतं. एका बाईच्या मुलीच्या कानात कुळथाचा दाणा गेला. बाई हुशार, दाणा वाहून बाहेर येईल म्हणून तिने कानात पाणी ओतलं आणि मुलीला निजवलं. कुळीथ भिजला की काय होतो हे कोकणातल्या बाईला मी सांगावं? दुसऱ्या दिवशी पोर किंचाळत आली. तो फुगलेला दाणा तुकड्या-तुकड्यांनी काढताना मला घाम फुटला, आणि बाई मलाच म्हणाली, "वायच हळू काढा, चेडवाक दुखता." मी तिला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा स्वभाव तेव्हाही तापटच होता.

पण मला लिहायचंय ते भिवा तांडेलाबद्दल. ते कळायला कान कसा चालतो हे थोडं समजून घ्यावं लागेल. कंटाळा करू नका, सोपं आहे.

बाहेर दिसतो तो कान म्हणजे नुसता दरवाजा. आत एक बोळ, बोळाच्या टोकाला पडदा, आणि पडद्यामागे साखळीसारखी जोडलेली तीन हाडं: हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब तांदळाच्या दाण्याहूनही लहान. तिच्या पलीकडे शंखासारखी वळत गेलेली पोकळी असते आणि तिच्यात पाणी भरलेलं असतं. खरं ऐकणं त्या पाण्यात होतं. आता अडचण अशी, की हवेतला आवाज पाण्यात सहजी शिरत नाही. तुम्ही खाडीत बुडी मारलीत आणि काठावरून कोणी बोंब मारली, तर तुम्हाला जेमतेम काही कळेल. बाकी सगळा आवाज पाण्याच्या पाठीवरून परत जातो. ही अडचण ती तीन हाडं सोडवतात. पडद्याची हालचाल गोळा करून सगळा जोर रिकिबीच्या इवल्याशा तळाशी आणायचा आणि आतल्या पाण्याला ढकलायचं, एवढंच त्यांचं जन्मभराचं काम.

काही घराण्यांत ही रिकीब ऐन तारुण्यात हळूहळू शेजारच्या हाडाला चिकटत जाते. पावसात फुगलेलं दार चौकटीत बसतं तशी बसते. दुखत नाही, कान वाहत नाही, पडदा बघावा तर स्वच्छ. फक्त हवेतून येणारा आवाज आत पोचणं वर्षागणिक कमी होतं. पण तोच आवाज कवटीच्या हाडातून आला, तर त्याला त्या साखळीची गरजच पडत नाही, तो थेट आतल्या पाण्याला भिडतो. अशा माणसाला हाडातून येणारा आवाज तुमच्या-माझ्याहूनही चांगला ऐकू येतो.

हे सगळं मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. भिवा तांडेल माझ्याकडे आला नसता तर ते तिथेच राहिलं असतं.

देवबागेच्या बाजूला, खाडी आणि दर्या यांच्या मधल्या वाळूवर त्याची वाडी. वाडीचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून हयात आहेत. साठीच्या दशकाची सुरुवात असेल, पावसाळा संपून होड्या पाण्यात पडल्या होत्या. त्याची बायको सावित्री त्याला घेऊन आली. दारातच म्हणाली, "डॉक्टरानू, ह्यांच्या कानात रातदिस गाज वाजता. वाडीत म्हणतत, तो ह्यांचो बुडालेलो भावस बोलता."

भिवा धिप्पाड गडी, चाळिशीच्या आतला. पण बोलणं एवढं हळू, की मलाच पुढे वाकावं लागलं. मी हात धुवायला पाठ फिरवली आणि विचारलं, किती दिवस झाले? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. सावित्री ओशाळून म्हणाली, "रागावू नका. भावस गेल्यापासून ते कोणाक जबाब देणत नाय." मी वळून त्याच्याकडे बघत तोच प्रश्न केला, तर गड्याने नीट उत्तर दिलं. तिथेच मला शंका आली. या रोगात माणूस हळू बोलतो, कारण स्वतःचा आवाज त्याच्या डोक्यात घुमत असतो. आणि समोरच्याचे ओठ दिसले की त्याचं भागतं.

भाऊ कसा गेला हे सावित्रीने सांगितलं. तो खाली बघत बसून होता.

घोळ मासळी पाण्याखाली आवाज करते, घुमल्यासारखा. तिचा थवा कुठे आहे हे शोधायला या वाडीत एक माणूस ठेवलेला असे. तो एकटाच लहान होडीतून पुढे जायचा, वल्हं पाण्यात उभं धरायचा, त्याची मूठ दातांत घट्ट आवळायचा आणि डोळे मिटून बसायचा. मासळी घुमली की वल्ह्यातून दातांना कळतं. थवा सापडला की त्याने हात वर करायचा, मग जाळेवाल्यांनी जाळं सोडायचं. भिवाच्या बापाकडे हे काम होतं, बापानंतर भिवाकडे आलं. बाप म्हातारपणी ठार बहिरा झाला होता, पण घोळ मरेपर्यंत ऐकत होता. याचा अर्थ वाडीने असा लावला होता की देवाने त्या घराण्याला वेगळे कान दिलेत. भिवाच्या तरुणपणी रेडीपासून कुणकेश्वरापर्यंत त्याचं नाव होतं.

धाकटा भाऊ शांताराम. त्याचं म्हणणं, आता होडीला इंजिन बसवूया. भिवा म्हणायचा, इंजिनच्या धडधडीत घोळ ऐकायची कशी? त्यावरून दोघांत बिनसलं आणि बोलणं बंद झालं. शांताराम काही विचारायचा, भिवा उत्तर द्यायचा नाही. सगळ्यांना वाटायचं, राग. मला विचाराल तर त्यातला अर्धा राग नव्हताच. त्याला ऐकूच जात नव्हतं. पण बोलणं बंद असलं तरी धंदा एकत्र होता.

आदल्या वर्षीच्या त्या संध्याकाळी वारा पडला होता. भिवा पुढच्या होडीत वल्हं दातांत धरून बसलेला, पाठ किनाऱ्याकडे. थोडं मागे शांताराम दुसऱ्या होडीत जाळं घेऊन एकटा. जाळ्याचा दोर पायात अडकला की काय, तो पाण्यात गेला. वर आला, भावाला हाका मारू लागला. किनाऱ्यावर बायका मासळी सुकवत होत्या, त्यांना प्रत्येक हाक ऐकू आली. त्यांच्यात त्या दोघांची आई होती. ती कमरेइतक्या पाण्यात शिरून ओरडत होती. भिवा हलला नाही. आणि शांताराम दिसेनासा झाल्यावर भिवाने हात वर केला. घोळ सापडली होती.

मग त्याने वळून बघितलं, तर होडी रिकामी. त्याने उडी टाकली, अंधार पडेपर्यंत बुड्या मारल्या. पण तोवर वाडीने जे बघायचं ते बघितलं होतं.

गावच्या मानकऱ्यांनी त्याला देवळात बोलावून विचारलं, भावाची हाक ऐकून वळला का नाहीस? तो म्हणाला, "शांतारामान हाक मारल्यानच नाय. मारल्यान असती तर माका आयकूक इली असती. मी पाण्याखालची घोळ आयकतंय." तिथेच त्याचा निकाल लागला. सगळ्या किनाऱ्याने ऐकलेली हाक हा नाकारतो, म्हणजे खोटं बोलतो. खोटं बोलतो, म्हणजे ऐकून वळला नाही. इंजिनचं भांडण सगळ्यांना माहीतच होतं. पाण्याखालची मासळी ऐकणाऱ्या माणसाला हाकेच्या अंतरावरचा भाऊ ऐकू येत नाही, हे कोण मान्य करणार? मी तिथे बसलेलो असतो तर मीही केलं नसतं.

वाडीने त्याला वाळीत टाकलं. होडी एकट्याने पाण्यात लोटता येत नाही, दहा खांदे लागतात. त्याच्या होडीला कोणी खांदा देईना. पोरीचं लग्न ठरलेलं, ते मोडलं. आई त्याचं घर सोडून शेजारी शांतारामच्या विधवेकडे राहायला गेली, आणि एकाच विहिरीवर पाणी भरताना ती या मुलाकडे मान वर करून बघत नसे.

मी त्याचे कान तपासले. पडदे आरशासारखे स्वच्छ. मग नादकाटा काढला. हे साधं पोलादी हत्यार, दोन बोटांच्या चिमट्यासारखं. आपटलं की बारीक सूर धरतं. दांडी कानामागच्या हाडावर टेकवली, तर भिवाला सूर कितीतरी वेळ येत राहिला. मग काट्याच्या दाती, म्हणजे थरथरणारी दोन टोकं, कानासमोर धरल्या, तर काही नाही. निरोगी माणसाचं याच्या बरोबर उलट असतं. शंका उरली नाही. त्याला तोंडासमोर बसून म्हटलं, तुमच्या कानांत दोष आहे. तो हसला. "दोष लोकांच्या तोंडात आसा. हल्ली सगळे पुटपुटतत." किनाऱ्यावर लाटांच्या आवाजात सगळे तोंडासमोर ओरडूनच बोलतात, तिथे त्याचं अडत नसे. घरात अडलं तर बायको समोर येऊन बोलायची. आपण बहिरे झालोय हे त्या माणसाला खरोखर माहीत नव्हतं.

त्याला बाकावर बसवून मी सावित्रीला आत घेतलं आणि सगळं सांगितलं. ती पुन्हापुन्हा एकच विचारत होती. "मगे ह्यांका त्याची हाक आयकूक इली नसतली?" मी म्हटलं, नसणार. ती भिंतीला टेकून खालीच बसली. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुमी वाडीत येवा. ह्या तुमीच सांगा. माझा कोण आयकतला?"

मी गेलो. घरची म्हणाली, दुसऱ्याच्या गावकीत कशाला पडता? पण असा पुरावा खिशात असताना गप्प बसणं मला जमणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला थोडी ऐटही होती. एवढी वर्षं मळ काढला, आता विद्येचं काहीतरी करून दाखवू.

देवळाच्या मांडवात वाडी जमली होती. मुख्य मानकरी आबा, वयस्कर, शांत माणूस. एका कडेला शांतारामची बायको आणि तिच्याजवळ ती म्हातारी आई. मधे भिवा. सावित्रीने त्याला काय सांगून आणलं होतं कोण जाणे, मला वाटतं कानातल्या गाजेवर इलाज होणार म्हणूनच तो आला होता.

मी आधी आबांच्या कानामागे नादकाटा टेकवला. सूर संपला की हात वर करा म्हटलं. त्यांनी हात वर केला, तसा तोच काटा त्यांच्या कानासमोर धरला. "अरे, अजून वाजता," म्हातारा चकित होऊन म्हणाला. आणखी दोघाचौघांवर तेच केलं. सगळ्यांचं तेच. लोकांना गंमत वाटू लागली, मांडवातलं वातावरण सैल झालं. मग भिवा.

त्याच्या कानामागे काटा टेकवला. त्याने डोळे मिटले, तसाच, जसा तो होडीत मिटत असेल. सूर जाता जात नव्हता. मधेच मी काटा स्वतःच्या हाडावर लावून बघितला, मला काही येत नव्हतं, आणि पुन्हा त्याच्या हाडावर ठेवला तर त्याने मान हलवली, येतोय. तो आबांकडे बघून थोडा अभिमानाने म्हणाला, "बघा, डॉक्टरांच्या वर आयकतंय."

एकजण मागून म्हणाला, "मगे हो भैरो कसो?" मी काटा जोरात आपटला आणि भिवाच्या कानासमोर धरला. आबांना जवळ बोलावलं. त्यांनी कान आणला, त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. मांडव इतका शांत होता की पुढे बसलेल्यांनाही ऐकू येत असावं. भिवा वाट बघत होता. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले आणि मला म्हणाला, "वाजवा मरे."

आबा माझ्याकडे बघू लागले. भिवाने सगळ्यांचे चेहरे बघितले आणि मग हात पुढे करून दोन बोटं काट्याच्या दातींना लावली. दाती थरथरत होत्या. त्याने बोटं झटक्याने मागे घेतली. मग पुन्हा लावली आणि सूर मरेपर्यंत तशीच ठेवली.

मागचा तो माणूस म्हणाला, ढोंग कशावरून नाही? मी म्हटलं, ढोंगी असता तर हाडावर लावल्यावरही नाही म्हणाला असता. तुमच्यापैकी कोणाला माहीत होतं कुठे काय यायला हवं? त्याला तरी कुठून माहीत असणार? मग हवेतला आवाज, हाडातला आवाज, त्याचा बाप, हे सगळं मी समजेल अशा भाषेत सांगितलं. मासे ऐकणं आणि माणूस न ऐकणं हे एकाच रोगाचं काम आहे, हेही. शेवटी आबा म्हणाले, "आमच्या हातसून वायट झाला. त्येका आयकूक येणा नाय, ह्या आमका कळाक होया होता." वाळीत टाकणं त्यांनी तिथल्या तिथे उठवलं. सावित्री जमिनीवर डोकं टेकवून रडू लागली.

माझ्या दृष्टीने काम फत्ते झालं होतं. मी काटा रुमालात गुंडाळायला घेतला. तेवढ्यात भिवा उठला. नेहमीच्या त्या हळू आवाजात त्याने विचारलं, "म्हणजे त्येना हाक मारल्यान?"

वर्षभर तो एकाच गोष्टीवर उभा होता, की शांताराम गुपचूप गेला. घाईत पाय अडकला, आवाज करायलाही वेळ मिळाला नाही. लोक हाक ऐकली म्हणत ते त्याच्या लेखी वैराने रचलेलं होतं. मी त्याचे कान खोटे ठरवले, तसा त्याने वाडीवर घेतलेला तो आळही खोटा ठरला. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सावित्रीच्याही नसावं, कारण तिचं रडणं एकदम थांबलं.

तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. कोणाचे ओठ हलेनात. मग त्याची आई उठली, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि त्याला नीट दिसेल असं म्हणाली, "मारल्यान, बाबा. दादा, दादा करून घसो फुटासर मारल्यान." वर्षभरात ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. तिने हे सूड म्हणून सांगितलं असं मला वाटत नाही. त्याने विचारलं होतं, आणि खोटं सांगणं तिला शक्य नव्हतं.

भिवाने मान हलवली. तेवढंच. मग तो मांडवातून बाहेर पडला आणि वाळूवरून चालत घराकडे गेला. त्या दिवसानंतर त्याने वल्हं हातात धरलं नाही.

मी चूक केली असं मी म्हणत नाही. तशीच वेळ आली तर पुन्हा तसाच जाईन. पोरीचं लग्न झालं, होडीला माणसं मिळाली, पुढे पुतण्याने तिला इंजिनही बसवलं. आई परत त्याच्या घरी राहायला आली. पण विद्या दाखवायची ती माझी हौस त्या मांडवात संपली, ती कायमची.

दोनेक वर्षांनी ती म्हातारीच त्याला घेऊन माझ्याकडे आली. मुंबईत तेव्हा अडकलेली रिकीब मोकळी करायची शस्त्रक्रिया नुकती सुरू झाली होती. असा इलाज निघतोय असं मी मागे बोललो होतो, ते तिच्या ध्यानात राहिलं होतं. मी भिवाला समोर बसवून सगळं सांगितलं. ओळखीचे सर्जन आहेत, खर्चाचं मी बघतो, तुमच्यासारख्या कानांत गुण यायची आशा चांगली आहे. म्हातारी म्हणाली, "जा रे. चार माणसांचा आयकशीत."

त्याने माझे ओठ बघितले, मग आईचे बघितले. मग म्हणाला, "नको डॉक्टरानू. कान बरे झाले, आणि उद्या दर्यात कोणी हाक मारल्यान, ती माका आयकूक येतली. मगे शांताराम म्हणतलो, दादा, ह्येची आयकलंस."

म्हातारीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि दोघं पायऱ्या उतरून गेली. त्याचे कान बरे होण्यासारखे होते.